माशी कशावर बसली

१

दुपारचं जेवण झालं, की रुपराव ढोबळे गुळाचं पाणी करत. वाटीत सुपारीएवढा गूळ, त्यावर चार चमचे पाणी. ते बोटाने ढवळायचं आणि आगपेटीच्या काडीने एकेक थेंब खोलीत ठेवायचा. एक खिडकीच्या लाकडावर, एक टेबलाच्या कडेला, एक पितळी डब्याच्या झाकणावर. मग लाकडी कॅमेरा स्टँडवर चढवायचा, त्याचा भाता पूर्ण लांबवायचा, दारातलं ऊन आरशाने थेंबावर पाडायचं, काळं कापड डोक्यावर घ्यायचं आणि माशीची वाट पाहायची.

माशीने एकदा गुळाला तोंड लावलं, की तिला दुसरं भान राहत नाही. तेवढ्यात काम उरकायचं. रुपरावांच्या कॅमेऱ्याला बटण नव्हतं. लेन्सवरचं पितळी झाकण हाताने काढायचं, एक-दोन मोजायचे, झाकण परत लावायचं. चाळीस वर्षं त्यांनी माणसांचे फोटो असेच काढले होते आणि दुसरी रीत शिकायची त्यांची तयारी नव्हती.

शहात्तर सालचा फाल्गुन होता. नागपुरात संत्र्यांचा हंगाम. जुन्या शुक्रवारीच्या गल्लीत नालीच्या कडेने सालींचे ढीग पडलेले. माश्यांना तोटा नव्हता.

काम आलं होतं मनोहरराव देवतळ्यांकडून. ते शेतकीच्या पोरांना किडे शिकवत. पोरांना दाखवण्यासाठी त्यांना घरातल्या किड्यांचे चाळीस फोटो हवे होते. माशी, चिलट, झुरळ, डाळीतले सोंडे, भिंतीला मातीचं घर करणारी कुंभारीण. पुस्तकांत सगळे विलायतेतले किडे होते. नव्या स्टुडिओवाल्यांनी हे काम ऐकून हात वर केले, तेव्हा कोणीतरी रुपरावांचं नाव सांगितलं. स्टुडिओ बंद करून त्यांना चार वर्षं झाली होती.

"मी माश्या मारून आणून देतो," मनोहरराव म्हणाले होते. "टाचणीला लावायची आणि आरामात काढायचा फोटो."

"मेलेल्यांचे फोटो मी पुष्कळ काढले साहेब," रुपराव म्हणाले. "आता जिवंत बसंल तिचाच काढीन. पटत असंल तर सांगा."

मनोहररावांना पटलं.

घर दोन खोल्यांचं. समोरच्या खोलीत खिडकीपाशी बायकोची, प्रयागबाईंची खाट होती, खाटेच्या डाव्या अंगाला आल्यागेल्यासाठी एक लाकडी खुर्ची, आणि भिंतीवर प्रयागबाईंच्या आईचा, भागीरथाबाईंचा फोटो. हात असलेल्या खुर्चीवर ताठ बसलेली बाई, डोळे उघडे, समोर पाहणारी, दोन बाजूंना घरची माणसं उभी. फोटोला चंदनाची माळ होती. ती माळ प्रयागबाई नेहमी फार खाली सोडत, पार फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, आणि त्यात बाईचा उजवा हात झाकला जाई. बायकांची काही एक रीत असेल म्हणून रुपरावांनी कधी लक्ष दिलं नव्हतं.

प्रयागबाईंना काळजाचे दोन झटके येऊन गेले होते. डॉक्टरांनी खाटेवरून उतरू नका म्हणून सांगितलं होतं. रुपरावांना बाहेर नेऊन वेगळं सांगितलं होतं, की मनाला लागेल असं काही यांच्यापुढे बोलायचं नाही, तिसरा झटका झेपणार नाही.

"अवो, आज किती झाल्या?" खाटेवरून प्रयागबाई विचारत.

"तीन."

"बरं आहे. माशी काही नाक बारीक करून द्या म्हनत नाही. रंग उजळ करा म्हनत नाही."

"चूप राह्य वं. बसली आहे."

प्रयागबाई हसून डोळे मिटत. खोलीत माश्यांचा आवाज तेवढा राही.

२

पहिले बारा फोटो पाहायला मनोहरराव सायकलवरून आले. खिशातून भिंग काढून एकेक पाहत गेले. माशीच्या पायावरचे केस मोजता येत होते. "वा रुपरावजी," असं ते चार वेळा म्हणाले. रुपरावांनी चहात साखर जास्त टाकली.

सातव्या फोटोपाशी मनोहरराव थांबले.

"ही कशावर बसली आहे?"

"डब्यावर. पितळी डबा आहे तो."

"ती नाही. ही, कोपऱ्यातली."

रुपरावांनी चष्मा लावला. डब्याच्या झाकणावरची माशी ठीक होती. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात आणखी एक माशी होती, तितकीच साफ. पंख पाठीवर मिटलेले, सहाही पाय टेकलेले, सोंड खाली लावलेली. तिच्या खाली काही नव्हतं. मागे खुर्चीची पाठ आणि खाटेची कड, दोन्ही धुकट.

"उडत असेल," मनोहरराव म्हणाले.

"दोन मोजेपर्यंत उडती माशी दिसत नाही साहेब. रेघसुद्धा येत नाही. ही बसली आहे."

"मग कोळ्याचा धागा असेल. आडवा धागा आला असेल खोलीत. बारीक धागा फोटोत येत नाही."

"असंल."

"मजा आहे. हा देऊन टाका मला. पोरांना विचारतो कशावर बसली म्हणून."

"हा नाही देत," रुपराव म्हणाले. "दुसरा काढून देतो."

मनोहरराव गेल्यावर त्यांनी तो फोटो परत उजेडात धरला. धाग्याचं पटण्यासारखं होतं. पण माशीने सोंड टेकली होती. माशी सोंड टेकते ते खायला. धाग्यावर काय खाणार?

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लांब काठीला केरसुणी बांधून खोली झाडली. छत, कोपरे, खिडकीच्या वरची पट्टी, सगळं. शेजारच्या शोभाताई ताकाचा गडवा घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"काय रुपरावजी, दिवाळी आली का फाल्गुनात?"

"जाळे काढून राहिलो."

"माश्यांचे फोटो काढता, आता कोळ्याचं घर मोडून राहिले. त्याचाबी काढा ना एखादा. आन् माह्या पोरीचा काढा म्हनलं तर डोळे दुखते म्हने."

"तुमची पोरगी गुळाच्या थेंबावर बसत नाही शोभाताई."

"एवढी गोड नाही होय ती!" शोभाताई हसल्या आणि गडवा प्रयागबाईंच्या उशाशी ठेवून खुर्चीवर बसायला वळल्या. बसता बसता उठल्या. पदराने खुर्चीवरून काहीतरी झटकलं, इकडेतिकडे पाहिलं आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसल्या.

"काय झालं वं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"काही नाही. ओलं लागलं वाटते." खुर्ची कोरडी होती. रुपरावांनी मागून हात लावून पाहिला.

त्या दुपारी त्यांनी थेंब मुद्दाम जुन्याच जागी ठेवला आणि कॅमेराही जुन्याच खुणेवर. कापडाखाली जाऊन मागच्या दुधी काचेवर पाहिलं. काचेवर खोली उलटी दिसते, खाट वर, छत खाली. त्यांना चाळीस वर्षांची सवय होती. उलट्या खोलीत डबा होता, डब्यावर माशी होती, दुसरं काही नव्हतं. फिल्म सरकवली, झाकण काढलं, एक, दोन, झाकण लावलं.

आतल्या खोलीत खिडकीला कांबळ टांगून ते फिल्म धूत. पाण्यातून काढून लाल दिव्यापुढे धरली तेव्हा डब्यावरची माशी होतीच. कोपऱ्यात तीन होत्या. एक वर, दोन त्याखाली, एकमेकींपासून चार बोटं अंतरावर. तिघींचे पाय टेकलेले.

फोटो सुकल्यावर त्यांनी टेप काढला. डबा किती उंच, कॅमेरा किती उंच, त्यावरून वरच्या माशीची उंची काढली. जमिनीपासून पावणेचार फूट. हा आकडा त्यांना टेपशिवायही माहीत होता. बसलेल्या बाईचा फोटो काढायचा, तर कपाळ तिथे येतं. जन्मभर त्यांनी कॅमेरा त्या हिशेबाने लावला होता.

त्यांनी खुर्ची उचलून आतल्या खोलीत ठेवली.

"काहून?" प्रयागबाई म्हणाल्या.

"उजेडाले आड येते."

पुढच्या दुपारच्या फोटोत खुर्ची नव्हती. माश्या पाच होत्या. उंची तीच होती, पण जागा खाटेकडे हातभर सरकलेली.

४

रुपरावांनी बायकोपासून आयुष्यात एकच गोष्ट लपवली होती, आणि ती तिच्या आईच्या फोटोबद्दल होती.

त्या काळी खेड्यापाड्यात जिवंतपणी कोणी फोटो काढून ठेवत नसे. माणूस गेलं की मग आठवण होई, आता भिंतीवर काय लावायचं. लगेच सायकलवर माणूस निघे फोटोवाल्याकडे. तो येईपर्यंत प्रेत कोणी उचलत नसे. फोटोवाला आला, की गेलेल्या माणसाला खुर्चीवर बसवत, पाठीमागे पाट लावून कापडाने बांधत, आणि नातेवाईक दोन बाजूंना उभे राहत. माश्या असायच्याच. फोटोवाल्याचं निम्मं काम घरी आल्यावर. काचेच्या निगेटिव्हवर माशी कोऱ्या ठिपक्यासारखी दिसते. टोकदार पेन्सिलीने एकेक ठिपका भरून काढायचा. नंतर बारीक चाकूने आणि पेन्सिलीने मिटलेले डोळे उघडायचे. मिटल्या डोळ्यांचा फोटो कोणी घरात लावत नाही. डोळे उघडण्यात रुपरावांचा हात धरणारा नागपुरात नव्हता. हे लोक म्हणत, आणि तेही म्हणत.

छत्तीस साली सावनेरहून बोलावणं आलं. रुपराव सव्वीस वर्षांचे होते. भागीरथाबाई तापाने गेल्या होत्या. अंगणात खुर्ची मांडली होती. उजवा हात खुर्चीच्या हातावरून सारखा घसरत होता, म्हणून चौदा वर्षांच्या पोरीला बाजूला उभं केलं आणि तो हात तिच्या डाव्या हातात दिला. ती पोरगी म्हणजे प्रयाग.

"मी झाकण काढलं की कोणी हालाचं नाही," रुपरावांनी नेहमीप्रमाणे दरडावून सांगितलं. "बोलाचं नाही, रडाचं नाही. फोटो खराब होते. दुसरा निघत नाही."

त्यांनी काचेच्या दोन प्लेटा घेतल्या. एक खराब झाली तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही झाल्यावर माणसांनी लगेच बाईला उचललं. उन्हाचे दिवस होते, घाई होती. रुपराव छिंदवाड्याकडून येणाऱ्या छोट्या गाडीने नागपूरला परतले आणि दिवेलागणीला प्लेटा धुतल्या.

फोटोत जिवंत माणूस थोडं हलतंच. कितीही दरडावलं तरी श्वास चालू असतो. मेलेलं माणूस दगडासारखं साफ येतं. रुपरावांना तेव्हाही प्लेट पाहून सांगता येई, यातलं गेलेलं कोण.

पहिल्या प्लेटीत भागीरथाबाई दगडासारख्या साफ होत्या. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली होती.

दुसऱ्या प्लेटीत ती माशी गालावर होती. आणि बाईच्या उजव्या हाताची बोटं धुकट होती. पोरीने हात हलवला म्हणावं, तर पोरीची बोटं साफ होती. तिच्या मनगटावरच्या बांगड्या मोजता येत होत्या.

प्लेट हातात धरूनच रुपरावांनी घड्याळ पाहिलं. फोटो काढून सहा तास झाले होते. तिकडे नदीवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार.

पहिल्या प्लेटीत मागच्या काकांची मान हलली होती, म्हणून देण्यासारखी दुसरीच होती. त्यांनी तिच्यावरच्या माश्या भरल्या. डोळे उघडले. शेवटी बाईची चार बोटं चाकूने खरवडून काढली आणि नवी काढली. सगळ्यांनी फोटोचं फार कौतुक केलं. तो पोचवायला ते स्वतः गेले, परत कशाला तरी गेले, आणि दोन वर्षांनी त्या घरातली पोरगी करून आणली. हुंड्याचं नाव काढलं नाही. लोकांना ते मोठं मन वाटलं.

५

शेवटी रुपरावांनी भाता आवळला आणि खोलीच्या पार दारात कॅमेरा लावला. माशीचा नाही, त्यांना आता सगळ्या खोलीचा फोटो पाहिजे होता. प्रयागबाईंचा डोळा लागला होता. डावा हात खाटेच्या कडेवरून बाहेर आलेला, तळवा वर.

त्यांनी दुधी काचेवर नीट पाहिलं. खाट, खिडकी, प्रयागबाई. माश्या इकडून तिकडे उडत होत्या. एकही कुठे अधांतरी बसलेली नव्हती. झाकण काढलं, चार मोजले, लावलं.

निगेटिव्हवर सतरा कोरे ठिपके होते. ते खाटेच्या डाव्या अंगाला होते. काही वर, गोलसर, दाट. मग खाली उतरत गेलेले, विरळ. मग एक ओळ प्रयागबाईंच्या हाताकडे आलेली. तळव्यापासून वीतभर आधी ओळ थांबली होती.

पेन्सिल शेजारीच होती. ठिपक्याला ठिपका जोडला असता तर काही कळलं असतं. रुपरावांनी पेन्सिल उचलली नाही. त्यांना जोडायची गरज नव्हती. वरच्या गोलात दोन जागा मोकळ्या होत्या, बाजूबाजूला, तिथे एकही ठिपका नव्हता. जिवंत माणसाच्या अंगावर माशी कुठेही बसते. डोळ्यांवर बसत नाही. पापणी बसू देत नाही.

त्यांनी निगेटिव्ह कागदात गुंडाळून डब्यात टाकलं. हात धुतले. मग स्वतःशीच हिशेब केला, की आपलं वय सहासष्ट आहे, जुनी लेन्स आहे, फिल्म स्वस्तातली आहे. फिल्मवर डाग पडतात. पडतात खरे. पण डागाला पाय नसतात.

बाहेर आले तेव्हा प्रयागबाई जाग्या होत्या आणि उजव्या हाताने डावा हात चोळत होत्या.

"जड होऊन राहिला हा हात," त्या म्हणाल्या. "दुपारीच होते. झोपून उठली का कोणी धरून ठेवल्यावानी वाटते."

डॉक्टरांनी सांगितलंच होतं, काळजाचं दुखणं डाव्या हातात उतरतं. रुपरावांनी गोळी दिली, पाणी दिलं. सांगावं तर तिसरा झटका. न सांगावं, तर ती तशीच जाईल, आणि अंगणभर माणसांसमोर आपण दरडावून उभ्या केलेल्या त्या पोरीला शेवटपर्यंत खोट्या बोटांना उदबत्ती लावायला लावलं, हे आपल्या डोक्यावर राहील.

तिसरीही एक गोष्ट होती. आपण नाही सांगितलं तर दुसरं कोणी सांगेल. आणि ते वीतभर अंतरावर आलेलं होतं.

६

सांगायला त्यांना चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्यांनी फोटो काढला नाही. मनोहररावांचा निरोप आला, त्याला उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर ते गुळाच्या वाटीकडे न जाता खाटेच्या पायथ्याशी बसले. डाव्या अंगाची जागा त्यांनी मोकळी ठेवली.

"प्रयागे, एक सांगाचं आहे."

"सांगा ना."

"तुह्या मायच्या फोटोतलं."

प्रयागबाईंनी फोटोकडे पाहिलं नाही. त्यांच्याकडेच पाहत राहिल्या.

"त्यातली उजव्या हाताची बोटं मी काढलेली आहेत. पेन्सिलीनं. खरी खराब आली होती. खराब म्हनजे, हालली होती. तुही साफ होती. बांगड्या दिसत होत्या तुह्या. तिचीच हालली होती. मले घरी येऊन प्लेट धुतल्यावर समजलं. तोपर्यंत..."

ते प्रयागबाईंच्या छातीकडे पाहत होते, श्वास कसा चालला आहे ते. श्वास नेहमीसारखा चालला होता.

खिडकीच्या लाकडावर एक माशी पुढचे पाय एकमेकांवर घासत होती.

"मले माहीत आहे," प्रयागबाई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"हात मीच धरला होता ना तिचा. दुसऱ्या वक्ती तिनं दाबला." त्यांनी उजव्या हाताने स्वतःचा डावा हात धरून दाखवला. "असा. जोरात नाही."

"मंग बोलली काहून नाही?" रुपरावांचा आवाज चढला. "एवढी माणसं होती अंगणात!"

"तुमीच म्हनलं होतं, हालू नोका, बोलू नोका, फोटो खराब होते. मी हालली नाही."

"आन् फोटो झाल्यावर?"

"झाल्यावर सोडला तिनं. मंग मले वाटलं, मलेच भास झाला असंल. माणसं घाई करून राहिली होती. चौदा वर्साची पोरगी मी, कोणाले सांगू? आन् कोणी आयकलं असतं का माहं?" त्यांनी आता फोटोकडे पाहिलं. "मी माळ एवढी खाली काहून सोडते, तुमी कधी पुसलं नाही."

"नाही पुसलं."

"मले वाटे, तुमाले माहीतच नाही. तुमाले सांगतलं तर तुमचं काम खोटं पडंल. तुमाले तुमच्या हाताचा लय गर्व."

रुपरावांना रडता येत नव्हतं. ते चादरीची कड सारखी करत बसले. प्रयागबाईंनी पाय हलवून त्यांच्या मांडीला टेकवला, एवढंच.

"कधीची येऊन राहिली ती?" त्यांनी विचारलं.

रुपरावांनी कोण म्हणून विचारलं नाही. "फोटोत दिसते. तीन आठवडे झाले."

"मले आधीपासून जाणवते," प्रयागबाई म्हणाल्या. "पह्यल्या झटक्यापासून."

७

फोटो काढायचं प्रयागबाईंनीच काढलं.

"काढा एक. माहा आन् तिचा. त्या दिवशीचा तुमी दुरुस्त केला. याले हात लावाचा नाही. जसा येईल तसा."

"नाही लावत."

"माह्या गळ्याची शपथ?"

"सांगतलं ना, नाही लावत."

त्यांनी प्रयागबाईंना उशीला टेकवून बसवलं. लुगड्याचा पदर सारखा केला. भिंतीवरची माळ प्रयागबाईंनी काढायला सांगितली, ती काढून टेबलावर ठेवली. चाळीस वर्षांनी त्या चार बोटांवर उजेड पडला. काम चांगलं होतं. कोणाला कळलं नसतं. रुपरावांनी एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

गुळाचा थेंब आज कुठेच ठेवला नव्हता. दार उघडं होतं, ऊन आत आलं होतं. गल्लीतून संत्रेवाल्याची हाक आली आणि लांब गेली. प्रयागबाईंनी डावा हात खाटेच्या कडेवर ठेवला, तळवा वर, बोटं किंचित मिटलेली, कोणाचा तरी हात धरल्यासारखी.

रुपराव कापडाखाली गेले. उलट्या खोलीत प्रयागबाई नीट दिसत होत्या. खिडकीच्या लाकडावरच्या माश्या उठल्या होत्या. कुठे गेल्या ते त्यांनी पाहिलं नाही. फिल्म सरकवली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"हालू नोको," ते म्हणाले. सवयीने आवाज दरडावणीचा निघाला. "बोलू नोको."

झाकण काढलं.

"एक."

प्रयागबाईंच्या हातापाशी माश्या उतरत होत्या. एक, मग दुसरी, मग दोन एकदम. त्या हातावर बसल्या नाहीत. हाताच्या बोटभर वर बसल्या, चौघी एका ओळीत, बोटांच्या पेरांवर बसाव्यात तशा. पंख मिटले. सोंडा टेकल्या. हे फोटोत नव्हतं, उघड्या डोळ्यांसमोर होतं, दुपारच्या उन्हात.

"दोन," रुपराव म्हणाले. आणि लगेच म्हणाले, "झालं."

प्रयागबाई हलल्या नाहीत.

"झालं वं. हाल आता."

त्या समोर पाहत होत्या. ओठ न हलवता, फोटोच्या वेळी बोलावं तसं त्या हळू बोलल्या, "कशी हालू? तिनं दाबून धरला आहे. तुमी झाकण लावलं का सोडते ती. मांगच्या वक्ती तसंच झालं."

चौघी माश्या जरा पुढे सरकल्या, एकदमच, ओळ न मोडता. मूठ आवळावी तशा.

रुपरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं. लेन्सचं झाकण हातातच होतं. ते अजून लावलेलं नव्हतं. ऊन सरळ आत जात होतं. आणखी थोडं थांबलं तर फिल्म पार काळी होणार, त्यात माणूस राहणार नाही, माशी राहणार नाही, हे त्यांना कळत होतं. चाळीस वर्षांत त्यांनी एकही फोटो असा वाया घालवला नव्हता.

त्यांनी झाकण खिशात टाकलं.

"नोको हालू," ते म्हणाले. या खेपेला आवाजात दरडावणी नव्हती. "झालं नाही अजून."

आणि ते पुढे मोजू लागले.

"तीन."

"चार."

"पाच."